पाचरीची जाड बाजू

आमच्या घराच्या भिंतीवर दोन फ्रेमा आहेत. एक बुद्धाची, दुसरी माझ्या बी.एस्सी.च्या पदवीची. पदवीची फ्रेम जरा मोठी झाली आहे. चंद्रपूरच्या फ्रेमवाल्याकडे त्या दिवशी लहान नव्हती आणि आई पुन्हा यायला तयार नव्हती. घरी येणारा माणूस पाण्याचा गिलास हातात घेतो आणि आधी तिच्याकडे बघतो. मला ते आवडतं. माझ्या दोन्ही आजोबांना सही करता येत नव्हती, बाबा सातवीपर्यंत शिकले, आई शाळेत गेलीच नाही. मी पदवीधर आहे. लपवण्यासारखं त्यात काय आहे?

त्या फ्रेमेसमोरच्या दारातून बाहेर बघितलं की अंगणातली चिंच दिसते, आणि चिंचेखाली बाबांची पिकअप. माझ्यापेक्षा वयानं मोठी. कधीकाळी निळी होती. गोंडपिपरी, आष्टी, अहेरी असा बाबांचा सगळा जन्म तिच्यात गेला. बाजाराचा माल, लग्नाची वऱ्हाडं, बाळंतपणाला निघालेल्या बाया, सगळं त्यांनी तिच्यातून नेलं. त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे. ते 'गाडीवाले भाऊ' होते.

चार वर्षांपूर्वी जंगलातल्या एका रस्त्यावर खड्ड्यात आपटून गाडीचा समोरचा डावा मुख्य पाटा तुटला. पाटे म्हणजे ज्या वाकड्या लोखंडी पट्ट्यांच्या चवडीवर गाडीचं वजन झुलतं त्या. ट्रॅक्टरनं ओढून गाडी घरी आणली. ती दुरुस्त होण्याआधीच बाबांच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, राहिलं ते सांभाळा. राहिलं होतं ते नळीतून बघितल्यासारखं, मधोमध थोडंसं. त्या दिवसापासून बाबांनी गाडीचं नाव काढलं नाही. कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालायला लागल्या.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये भंगारवाला आला. त्यानं गाडीला एक चक्कर मारली, टायरवर लाथ मारली आणि म्हणाला, "भाऊ, तेंदूपानाचा सीझन आटोपला की येतो अन् उचलून नेतो." बाबा म्हणाले, "ने." एवढंच.

मी उन्हाळ्याच्या सुटीत घरी होते. अहेरीकडच्या एका आश्रमशाळेत मी विज्ञान शिकवते, कंत्राटी. भंगारवाला गेल्यावर मी बाबांच्या बाजेजवळ जाऊन उभी राहिले.

"बाबा, गाडी मले द्या."

"तू का करशील तिचं?"

"चालवीन. लायसन आहे न माझ्याजवळ. आपल्या गावच्या बाया मोहा अन् चारोळी दारावर येणाऱ्या व्यापाऱ्याले देऊन टाकतात. काऊन? तं बाजारात न्यायले काई नाई. मी शनिवारी घरी येतोच. इतवारी त्याइले घेऊन जाईन."

"अन् पाटे कोण बसवन?"

"मी. तुमी सांगा, मी बसवतो."

बाबा हसले नाहीत, पण ओठ हलला. "फळ्यावर चित्र काढणं नव्हे ते, पोरी."

"मले माहीत आहे."

"काई माहीत नाई तुले." मग त्यांनी चिंचेच्या दिशेनं तोंड वळवलं. शेवटी म्हणाले, "बसव. मंग मी बाजूले बसतो, नाल्याच्या पुलापर्यंत जाऊ. सरळ चालली तं तुझी. नाई चालली तं भंगारवाल्याची. मंग रडायचं नाई."

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. बाबा दुसऱ्याच्या गाडीत कधी झोपत नाहीत, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. डोळ्यांसाठी नागपूरला नेलं तेव्हा बसमध्ये सगळा रस्ता ते समोरचा दांडा धरून बसले होते. वळण आलं की त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबायचा. ड्रायव्हर कसा आहे हे त्यांना पायातूनच कळतं. म्हणजे परीक्षा डोळ्यांची नव्हतीच.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही उजाडताच कामाला लागायचो आणि ऊन चढलं की थांबायचो. गाडीचं तोंड जॅकनं उचललं, चेसिसखाली ऐनाचे ओंडके लावले. नट इतके गंजले होते की डिझेल पाजून पाजून एकेक सोडवावा लागला. कुंपणापलीकडे शेजारचे भाऊ दात घासत उभे राहायचे. त्यांचा ट्रॅक्टर आहे, त्यामुळे त्यांना बोलायचा हक्क आहे असं त्यांना वाटतं.

"मास्तरीणबाई, हे बी.एस्सी.त शिकवतात काय?"

"नाई भाऊ, हे एम.एस्सी.त."

"मंग तं अजून एक फ्रेम लागन."

पाना मी फिरवायची आणि सुटलेली वस्तू बाबांच्या हातात द्यायची. बाबा ती चाचपून अंगणात पसरलेल्या बारदान्यावर ठेवायचे. डाव्या चाकाकडची रांग डावीकडे, उजव्याची उजवीकडे. प्रत्येक वस्तूचं गाडीत जे तोंड पुढं असतं ते चिंचेकडे. डोळे असताना ते अशीच मांडणी करायचे की नंतर सुरू केली, मला माहीत नाही.

"जसं पडून आहे तसंच उचलशील," ते म्हणाले. "मंग डोकं चालवायची गरज नाई."

हे मला थोडं लागलं. डोकं चालवायलाच तर शिकवलं होतं मला. पण मी पुढचा नट डिझेलनं भिजवला. मोबाइलवर फोटोही काढून ठेवले. नंतर बघितले तर सगळं ग्रीसनं काळंमिट्ट, काय आहे ते ओळखूच येत नव्हतं.

मग एक दिवस जुने मुख्य पाटे घेऊन मी चंद्रपूरला गेले. पाटेवाल्या मिस्त्रीकडून दोन्ही बाजूंचे मुख्य पाटे नवे बनवून घेतले, पिनेभोवती बसणारे रबराचे बुश घेतले, यू-बोल्ट घेतले. मिस्त्रीनं विचारलं, "गाडीवाला कुठी आहे?" मी म्हटलं, "समोर उभी आहे." त्यानं माझ्याकडे बघितलं, पाट्यांकडे बघितलं, आणि मग फालतू काही बोलला नाही. पाटे बसवर टाकून आणले. मी परत येईपर्यंत आईनं बारदान्यावरचं सगळं सामान डिझेलनं धुऊन, चिंधीनं पुसून, उन्हात वाळवून ठेवलं होतं. रांगा जशाच्या तशा. नवीन दिसत होतं सगळं.

आई बावीस-पंचवीस वर्षांची होती तेव्हापासून दर मे महिन्यात तेंदूच्या कामावर जाते. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, सत्तर पानांचं पुडकं बांधायचं, आणि फळीवर, म्हणजे जिथं पानं गोळा होतात त्या मैदानावर, ओळीनं वाळत घालायचं. गाडीच्या सामानाच्या त्या सरळ रांगा बघून मला तीच फळी आठवली. मी म्हटलं सुद्धा, "आई, तुझी फळी छान लागली." ती खूश झाली.

जोडणीला चार सकाळी लागल्या. पाट्यांची चवड रचायची, मधून सेंटर बोल्ट घालून आवळायची. चवडीचं एक टोक चेसिसला पिनेनं अडकवायचं, दुसरं हलत्या कडीला. मग खालून जॅकनं एक्सल उचलत आणायचा, सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या भोकात बरोबर बसेपर्यंत. आणि पाटा व एक्सल यांच्या मध्ये एक लहानशी लोखंडी पाचर, एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं पातळ. तिला मध्ये भोक असतं, सेंटर बोल्टचं डोकं त्यातून जातं. दोन्ही पाचरी मी बारदान्यावरून जशा होत्या तशा उचलल्या आणि तशाच बसवल्या. वरून सगळं एक्सलला बांधून ठेवणारे यू-बोल्ट. एक आटा इकडून, एक तिकडून, समोरासमोर.

पिना मात्र बाबांनी पूर्ण आवळू दिल्या नाहीत.

"पहिले तिले चाकावर उतरव. वजन येऊ दे. मंग आवळ."

"काऊन?"

"हवेत आवळलं तं रबर मुरगळलेलं राह्यते. वजन आलं का मंग ते अजून मुरगळते. सहा महिन्यांत फाटते."

मी शाळेत स्प्रिंगला वजन टांगून पोरांना ताण शिकवते. हे माझ्या पुस्तकात कुठेच नव्हतं, आणि ऐकल्याबरोबर पटलं. ओंडके काढले, गाडी हळूहळू चाकांवर आली, पाटे दबले, कुरकुरले आणि थांबले. तीन वर्षांत पहिल्यांदा तिचं तोंड एका पातळीत दिसलं. मी खाली शिरून पिना आवळल्या. नवी बॅटरी लावली, पेट्रोल पंपावरून कॅननं डिझेल आणलं. पाचव्या दमाला इंजिन लागलं. कोंबड्या जीव घेऊन पळाल्या.

बाबा धुतलेला सदरा घालून बाजूला बसले आणि समोरचा दांडा धरला.

गावातून निघालो तेव्हाच मला कळलं. स्टेअरिंग हलकं होतं, चांगलं वाटावं इतकं हलकं, पण गाडी सरळ राहीना. जरा डावीकडे, सावरलं की जरा उजवीकडे. बोअरिंगजवळच्या वळणावर चाकं वळली ती वळलेलीच राहिली. एरवी वळण संपलं की स्टेअरिंग हातातून आपोआप परत फिरतं. इथे मलाच ओढून आणावं लागलं. बाबांचा उजवा पाय सारखा दाबत होता.

"एकाच बाजूले ओढून राह्यली का?"

"नाई. कुठीही जाते."

नाल्याच्या पुलाअलीकडे ते म्हणाले, "थांबव." मी थांबवली. ते दांडा सोडेनात. समोर बघत म्हणाले, "चेसिस वाकली असन. त्या खड्ड्यातच वाकली. तुझं काई चुकलं नाई, पोरी. त्याच्यासमोर कोणाचं चालत नाई."

घरी येऊन त्यांनी भंगारवाल्याला फोन लावायला सांगितला. मीच लावून दिला. तो म्हणाला, उद्या सकाळीच येतो. बाबा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

मी रडले नाही. ओट्यावर बसले. मला राग आला होता, आणि कोणावर ते कळत नव्हतं. समोर भिंतीला माझी सायकल टेकून होती, आठवीत शाळेतून मिळालेली. त्या सायकलवर मी नववी-दहावी केली. गावच्या सरळ रस्त्यावर दोन्ही हात सोडून चालवायची, म्हणून एकदा आईच्या हातचा मारही खाल्ला होता. हात सोडले तरी ती सरळ जाते कशी, हा प्रश्न माझ्या वर्गातली पोरं दरवर्षी विचारतात आणि मी फळ्यावर चित्र काढून सांगते: पुढचं चाक धरणारा चिमटा उभा नसतो, वरून मागं झुकलेला असतो. त्या झुकाव्यामुळे चाक आपणहून सरळ होतं. चिमटा उभा केला किंवा पुढं झुकवला, तर हँडल हलकं होईल आणि चाक भरकटेल.

हलकं होईल आणि भरकटेल. दरवर्षी मी हेच वाक्य बोलते.

उठून गाडीखाली शिरले. उजव्या चाकाच्या पाचरीवरून बोट फिरवलं. जाड बाजू पुढं. डावीकडे गेले. तिकडेही जाड बाजू पुढं. पुढं जाड म्हणजे एक्सलचा पाठीमागचा भाग वर, पुढचा खाली, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो कणा वरून पुढं झुकलेला. माझ्या सायकलच्या उलट. आणि चेसिस वाकली असती तर दोन्ही बाजूंना इतकं सारखं कसं वाकलं असतं?

तशीच ग्रीसच्या हातांनी आत गेले.

"बाबा, पाचरीची जाड बाजू कोणीकडं राह्यते?"

भिंतीकडे तोंड ठेवूनच ते म्हणाले, "मागं."

"आपल्या गाडीत समोर आहे."

ते उठून बसले. "उलटी लावली तू."

"नाई. जशी पडून होती तशीच उचलली. तुमीच सांगतलं होतं, डोकं चालवू नको."

"मी मागंच ठेवली होती. या हातानं. माझे डोळे गेले, बोटं नाई गेले."

"मंग मी का खोटी बोलून राह्यली?"

"तसं कोण म्हणते? पण लोखंड आपोआप फिरते का वो?"

आई दाराशी जात्यावर चारोळी फोडत बसली होती. जातं थांबलं.

"मी पलटवले," ती म्हणाली.

आम्ही दोघं तिच्याकडे वळलो.

"तू चंद्रपूरले गेली होती न. धुऊन मी वाळत घातले. दुपारी पाह्यलं तं वरून सुकले, खालून ओलेच. मंग पलटवले." तिनं हातानं करून दाखवलं. पुडक्याचं पलीकडचं टोक उचलायचं आणि आपल्याकडे आणून आडवं टाकायचं. पुढचं मागं, मागचं पुढं. फळीवर ओळीच्या ओळी अशाच पलटवतात. तिच्या हाताला दुसरी रीत ठाऊकच नाही. "सगळे पलटवले. एक नाई सोडला. फक्त पाटे जड होते, ते राहू दिले."

बाकीच्या कोणत्याच वस्तूला त्यानं फरक पडत नव्हता. नट उलटा केला तरी नटच. फरक पडणाऱ्या त्या दोनच होत्या.

बाबांनी बाजेवर थाप मारली. मला वाटलं आता भडकतील. मग त्यांच्या पोटातून कसला तरी आवाज आला, आणि ते हसायला लागले. डोळ्यांचं झाल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. बाज हलत होती.

"माझ्या पाचरीले पुडकं समजली वो तू! बरं झालं, मोजून बांधले नाई, सत्तर-सत्तर!"

"मंग ओलेच ठेवू काय?" आई चिडली. "गंजले असते तं मलेच बोलले असते. अन् तुमी दोघं एवढे शाने, पाहून बसवायचं न! एक गाडीवाला, एक ग्रॅज्युएट!"

तिचं खरं होतं. बारदान्यावरून उचलताना पाचर माझ्या हातात होती, जाड-पातळ बाजू बोटांना लागत होत्या. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण डोकं चालवायची गरज नाही हे ऐकून माझं तोंड वाकडं झालं होतं, आणि तोंड वाकडं झालं की मी मुकाट्यानं सांगितलं तेवढंच करते. ही माझी लहानपणापासूनची खोड आहे. भिंतीवरची फ्रेम तिचं काही करू शकलेली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ओंडके पुन्हा लावले. पिना सैल केल्या, यू-बोल्ट सोडले, पाटा बोटभर वर उचलून डावी पाचर काढली. आई पदर खोचून उभीच होती.

"आण इकडं. यावेळी मी ठेवतो," ती म्हणाली.

तिनं ती बाबांच्या हातात दिली. बाबांनी अंगठ्यानं चाचपलं, जाड बाजू दाखवली, आणि आईनं ती तशीच धरून मला गाडीखाली दिली. उजवीही तशीच. तीन हातांतून आली दोन्ही वेळा.

यू-बोल्ट आवळणं सुरू होतं तेव्हा भंगारवाल्याचा टेम्पो फाटकाशी आला.

"भाऊ, हे का? बसवून राह्यले का काढून राह्यले?"

"बस," बाबा म्हणाले. "चहा पी."

"चहा पितो, पण गाडी तं नेतो न मी?"

"ते मी पुलावरून आल्यावर सांगतो."

भंगारवाला बरा माणूस होता. त्यानं थोडा वेळ बघितलं, मग चप्पल काढून शेवटचे दोन नट लांब पान्यानं स्वतःच दाबून दिले. "मॅडम, माझंच नुकसान करून राह्यलो मी," असं म्हणत. गाडी चाकांवर उतरवली. वजन आल्यावर मी पिना आवळल्या. आईनं सीटवर घोंगडी टाकली, कोंबड्यांची घाण होती म्हणून.

बाबांनी दांडा धरला. आम्ही निघालो.

स्टेअरिंग जड होतं. इतकं छान जड. गावच्या सरळ रस्त्यावर मी बोटं जरा सैल केली आणि गाडी आपल्या वाटेनं जात राहिली. बोअरिंगजवळचं वळण आलं, मी वळवलं, वळण संपलं आणि स्टेअरिंग माझ्या तळव्यांखालून सरसर फिरत सरळ झालं. मी काहीच केलं नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण बाबांनी आधी काहीतरी म्हणावं म्हणून थांबले.

ते काहीच म्हणाले नाहीत. दोन्ही बाजूंना मोहाची झाडं, नवी तांबूस पालवी फुटलेली. जंगलातून चारोळी घेऊन परतणाऱ्या दोघी-तिघी बाया रस्त्याच्या कडेला सरकल्या आणि त्यातल्या एकीनं हात वर करून हाक मारली, "गाडीवाले भाऊ!" बाबांनी हात हलवला नाही. मला वाटलं, त्यांना दिसलं नसेल.

पूल आला. मी वेग कमी केला.

"बाबा, पूल आला. फिरवू वापस?"

उत्तर नाही. मी मान वळवून बघितलं. दांडा सुटला होता. दोन्ही हात मांडीवर पडले होते, उजवा पाय सैल, डोकं खिडकीच्या चौकटीला टेकलेलं, तोंड थोडं उघडं, बारीक घोरत. एका खाचेवरून गाडी झुलली, पाटे दबले आणि परत आले. ते जागे झाले नाहीत.

घरी भंगारवाला चहा घेऊन वाट बघत बसला होता, आणि आईनं त्याला एव्हाना दुसरा कपही दिला असणार. मी फिरवली नाही. पूल ओलांडला आणि गोंडपिपरीच्या रस्त्याला लागले.